वस्ताद निवडावा कसा?

गावात तालीम असली की पहिला प्रश्न, वस्ताद कोण? पोरे दणकट आहेत, माती चांगली आहे, खुराकाला कमी नाही, पण जत्रेच्या फडात दोन-तीन कुस्त्या गेल्या की पारावरची मंडळी म्हणू लागतात, "वस्ताद बदला." त्यातल्या कित्येकांनी जन्मात लंगोट कसलेला नसतो, पण मत मात्र ठाम असते. असाच एक पार मी सातासमुद्रापलीकडे पाहिला, आणि चार महिने त्या पारावर बसलो. खरे सांगायचे तर बसता बसता मीही त्यांच्यातलाच एक झालो. त्या पारावर जे ऐकले, आणि त्यावरून मला जे वाटले, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

२०२२ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन या शहरी, एका सत्रापुरता अध्यापनाच्या निमित्ताने मी राहिलो होतो. नेब्रास्का हा शेतकऱ्यांचा मुलूख. विस्ताराने आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे दोन-तृतीयांश, पण वस्ती अवघी वीस लाखांच्या आसपास. नजर जाईल तिकडे मका, सोयाबीन आणि गुरे. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे नावच 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसे सोलणारे! त्यांच्या मैदानावर सुमारे ८५ हजार माणसे बसतात. सामन्याच्या दिवशी ते मैदान भरले, म्हणजे राज्यातली दोन मोठी शहरे सोडली तर तिसरे मोठे गाव तेच. आणि १९६२ च्या नोव्हेंबरपासून तिथल्या एकाही सामन्याची तिकिटे शिल्लक राहिलेली नाहीत, असा विद्यापीठाचा हिशेब आहे.

आता हा फुटबॉल आपला नव्हे, हे आधी सांगायला हवे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. त्याला पाय क्वचित लागतो, हातच फार. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. मैदान शंभर यार्डांचे. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न. नाही तर चेंडू दुसऱ्यांकडे. असे सरकत सरकत शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण.

प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू बहुधा एकाच गड्याच्या हाती येतो. त्याला म्हणतात क्वार्टरबॅक. समोरून तीन-साडेतीन मणांचे गडी अंगावर धावून येत असतात, आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचे असते की चेंडू शेजारच्याला द्यावा, स्वतः घेऊन पळावे, की दूरच्या गड्याकडे फेकावा. गाड्याचा सारथीच म्हणा ना! आणि त्याला शिकवणारा, ज्याला लहानथोर सगळे 'कोच' म्हणतात, तो बाहेर रेषेवर उभा. संघ जिंकला की लोक सारथ्याला डोक्यावर घेतात. हरला की आधी म्हणतात सारथी बदला, मग म्हणतात कोच बदला.

माझे घरमालक सत्तरी ओलांडलेले, शेती मुलाच्या हाती सोपवून शहरात आलेले. मैदानावरच्या दोन खुर्च्या त्यांना वडिलांपासून मिळालेल्या. आपल्याकडे विहिरीत वाटा असतो ना, तशा त्या जपलेल्या. १० सप्टेंबरला त्यांनी मला बरोबर नेले. समोर जॉर्जिया सदर्न नावाचे, या खेळात फारसे मोठे न मानले जाणारे विद्यापीठ. नेब्रास्का ४५-४२ असा हरला. घरी येईपर्यंत म्हातारबुवा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बातमी आली की कोच स्कॉट फ्रॉस्ट यांना काढले.

हे फ्रॉस्ट कोण? याच राज्यातल्या वुड रिव्हर या लहानशा गावचे. १९९७ साली नेब्रास्काने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, तेव्हा संघाचे क्वार्टरबॅक हेच. पुढे फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाचे कोच म्हणून त्यांनी २०१७ च्या हंगामात एकही सामना हरू दिला नाही. घरचा मुलगा, नावाजलेला खेळाडू, वर विजयी कोच. आणखी काय हवे? त्यांना आणले तेव्हा राज्यभर दिवाळी झाली. आणि मग? चार हंगाम नि तीन सामने, त्यांत १६ विजय आणि ३१ पराभव. २०२१ मध्ये तर नऊ सामने गेले, आणि त्या नऊंपैकी एकही दहा किंवा अधिक गुणांच्या फरकाने नव्हे. सगळे हाता-तोंडाशी आलेले घास. करारातून मोकळे करण्यासाठी फ्रॉस्ट यांना दीड कोटी डॉलर द्यावे लागले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर ही रक्कम निम्मी झाली असती. तीन आठवडे, आणि पाऊण कोटी डॉलर! पण तेवढाही धीर उरला नव्हता.

मग सुरू झाला शोध. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर कॉफीचे एक दुकान होते. सकाळी सहालाच तिथे म्हाताऱ्यांचा अड्डा जमे. तोच तो पार. एक पक्ष म्हणे, मोठ्या नावाचा माणूस आणा. त्यांच्या ओठांवर अर्बन मायर हे नाव. त्यांच्या पदरी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे. दुसरा पक्ष म्हणे, शेजारच्या कॅन्सस विद्यापीठातले लान्स लाइपोल्ड आणा. २०२१ मध्ये कॅन्ससने दोनच सामने जिंकले होते, आणि त्या २०२२ च्या हंगामात त्यांच्या हाताखाली पहिले पाचही जिंकले. तिसरा म्हणे, आपल्याच जुन्या खेळाडूंपैकी कोणी बघा. चौथा म्हणे, कोच कोणीही असो, आधी चांगला क्वार्टरबॅक मिळवा. मीही हळूहळू मते देऊ लागलो. अहो, ज्याने आयुष्यात तो चेंडू हातात धरलेला नाही असा मराठी मास्तर, कॅन्ससचा कोच कसा योग्य हे नेब्रास्काच्या शेतकऱ्यांना पटवतो आहे! मतांचे व्यसन असेच असते.

घरमालक मात्र गप्प असत. एका संध्याकाळी मीच विचारले, "तुमचे मत काय?"

ते म्हणाले, "माझ्या मताला किंमत राहिलेली नाही. २००३ मध्ये मी फ्रँक सॉलिचना काढा म्हणून ओरडणाऱ्यांत होतो. २०१७ मध्ये फ्रॉस्टना आणा म्हणून ओरडणाऱ्यांतही होतो. दोन्ही वेळा माझ्या मनासारखे झाले."

आणि मग त्यांनी मला सगळी वंशावळ सांगितली. ती थोडक्यात सांगतो, कारण या बोलण्याचे मर्म त्यातच आहे.

१९६२ पूर्वी नेब्रास्काचा संघ वर्षानुवर्षे हरत होता. त्या साली बॉब डेव्हेनी आले. मूळचे शाळामास्तर, मिशिगन राज्यातल्या शाळांत अनेक वर्षे मुलांना शिकवलेले. त्यांनी पहिल्याच हंगामात नऊ सामने जिंकले, आणि १९७० व १९७१ ची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. त्यांच्या हाताखाली टॉम ऑस्बर्न नावाचा तरुण उमेदवारी करीत होता. याच राज्यातल्या हेस्टिंग्ज गावचा, शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला. श्रोत्यांतल्या शिक्षक बंधु-भगिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१९७३ मध्ये ऑस्बर्न मुख्य कोच झाले. त्या वेळी ओक्लाहोमा विद्यापीठ हा नेब्रास्काचा परंपरागत प्रतिस्पर्धी. त्याच्याशी ऑस्बर्न पहिली पाचही वर्षे हरले. पाच वर्षे! लोक कुरकुरले. पण विद्यापीठाने त्यांना ठेवले. १९८४ च्या जानेवारीत अजिंक्यपद हातात होते. मायामी विद्यापीठाविरुद्ध ३१-३०, एका गुणाची पिछाडी, शेवटचे मिनिट. साधी लाथ मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती, आणि बहुतेकांच्या मते तेवढ्यावरही अजिंक्यपद मिळाले असते. ऑस्बर्ननी बरोबरी पत्करली नाही. दोन गुणांसाठी चेंडू फेकायला सांगितले. क्वार्टरबॅक टर्नर गिल याने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाताने उडाला. पद गेले. पण मुलांना काय शिकवायचे ते त्या दिवशी शिकवून झाले होते.

ऑस्बर्नना पहिले अजिंक्यपद मिळाले ते १९९४ च्या हंगामात, म्हणजे बाविसाव्या वर्षी. आणि कसे मिळाले ते पाहा. संघाचा पहिला क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझर. मोठा गुणी खेळाडू. हंगामाच्या आरंभीच त्याच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि तो बाहेर पडला. दुसरा मुलगा ब्रुक बेरिंजर उभा राहिला, तर त्याचे फुप्फुस आकसले. तिसरा मॅट टर्मन. शिष्यवृत्तीवाचून, स्वतःच्या हौसेने संघात आलेला. कॅन्सस स्टेट विद्यापीठाविरुद्ध सारथ्य करायला तो उतरला, आणि संघ १७-६ असा जिंकला. पुढे बेरिंजर बरा होऊन परतला. शेवटच्या सामन्यात, १ जानेवारी १९९५ ला, फ्रेझर आणि बेरिंजर आलटूनपालटून खेळले, मायामीला २४-१७ असे हरवले. सबंध हंगामात १३ सामने, १३ विजय.

पुढच्या वर्षी फ्रेझर पूर्ण बरा झाला. बेरिंजर पुन्हा दुसरा. त्याने कुरकूर केली नाही, दुसरे विद्यापीठ गाठले नाही. रांगेत उभा राहिला. १९९६ च्या एप्रिलमध्ये, धंदेवाईक संघांच्या निवडीला दोन दिवस उरले असताना, लहान विमानाच्या अपघातात तो गेला. आज मैदानाशी ऑस्बर्न यांचा पुतळा आहे, २००६ साली बसवलेला. त्यांच्याशेजारी जो मुलगा उभा केला आहे, तो पहिल्या क्रमांकाचा फ्रेझर नव्हे, अजिंक्य संघाचा सारथी फ्रॉस्टही नव्हे. तो दुसऱ्या क्रमांकाचा बेरिंजर आहे. घरमालकांनी मला तिथे नेले, टोपी काढली, आणि म्हणाले, "हे बघा, आम्हाला कळत होते. फक्त आम्ही विसरलो."

ऑस्बर्न देव नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १९९५ मध्ये त्यांच्या संघातल्या एका नामांकित खेळाडूने एका तरुणीला मारहाण केली. ऑस्बर्ननी त्याला काही आठवडे बाहेर ठेवले आणि त्याच हंगामात परत घेतले. त्याबद्दल देशभर टीका झाली, आणि माझ्या मते ती योग्य होती. मुलाला सुधारण्याची संधी द्यावी हे खरे. पण ती मैदानातच द्यावी असे कुठे आहे? चांगल्या गुरूचाही तोल विजयाच्या ओढीने जातो, एवढे त्यातून शिकायचे.

१९९७ चे अजिंक्यपद मिळवून ऑस्बर्न निवृत्त झाले. त्यांच्या २५ हंगामांत नऊपेक्षा कमी विजय एकदाही नाहीत. त्यांच्यामागून त्यांचेच सहायक फ्रँक सॉलिच आले. सहा हंगामांत ५८ विजय, १९ पराभव. २००३ मध्ये नऊ जिंकले, तीन हरले, आणि त्यांना काढले. का? तर नऊ म्हणजे कमी! ते घरचे होते म्हणून पुढचा बाहेरचा, धंदेवाईक फुटबॉलमधला आणला, बिल कॅलहन. तो चालला नाही. मग बो पेलिनी आणले, तापट. त्यांनी सात हंगामांत ६६ सामने जिंकले, पण लोकांना तो तापटपणा सोसेना. मग माइक रायली आणले, अगदी सौम्य. ते निम्मे सामने हरले. मग घरचाच मुलगा, फ्रॉस्ट.

म्हातारबुवा म्हणाले, "आम्ही दर वेळी मागच्या माणसाच्या उलट माणूस शोधला. मुलांना काय हवे ते कोणी विचारलेच नाही."

श्रोतेहो, त्या वाक्याने माझी झोप उडाली. कारण मी त्यांच्याइतकाच दोषी आहे. आमच्या महाविद्यालयात कबड्डीच्या संघाला प्रशिक्षक नेमायचा होता तेव्हा मीही समितीवर होतो. आम्ही काय पाहिले? त्याची स्वतःची पदके किती. ती भरपूर होती. तो चढाईत वाघ होता. पण स्वतः चढाई करणे वेगळे, आणि दुबळ्या पोराला चढाई शिकवणे वेगळे. ज्याला एखादी गोष्ट सहज येते, त्याला ती दुसऱ्याला का येत नाही हे कळत नाही. राखीव मुले दोन वर्षे नुसती पाणी देत बसली, आणि त्यातली दोन शेवटी शिक्षण सोडून गेली. दोष त्या प्रशिक्षकाचा थोडा, निवडणाऱ्या आमचा फार.

तेव्हा वस्ताद निवडताना काय पाहावे? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली ही की, त्याने स्वतः काय जिंकले ते न पाहता त्याच्या हाती आलेली वाईट मंडळी पुढे कशी झाली ते पाहावे. २६ नोव्हेंबर २०२२ ला नेब्रास्काने मॅट रूल यांचे नाव जाहीर केले. त्यांचा पूर्वीचा हिशेब मोठा बोलका आहे. टेंपल विद्यापीठात पहिल्या वर्षी दोनच विजय, तिसऱ्या वर्षी दहा. बेलर विद्यापीठात पहिल्या वर्षी एकच विजय, तिसऱ्या वर्षी अकरा. धंदेवाईक संघात मात्र ते अपयशी ठरून नुकतेच बाहेर पडले होते. आमच्या पारावर पुष्कळांनी नाके मुरडली. आठ वर्षांचा करार, ७ कोटी ४० लाख डॉलरचा! मला रक्कम पटली नाही, आजही पटत नाही. पण माणूस पटला. २०२३ मध्ये पाच विजय, सात पराभव. २०२४ मध्ये सात विजय, सहा पराभव. २०१६ नंतर प्रथमच विजय पराभवांपेक्षा जास्त. कणीस एका रात्रीत भरत नाही, हे मका पिकवणाऱ्यांना कोणी सांगावे?

दुसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाचे तो काय करतो. पहिला मुलगा कोणाच्याही हाताखाली चमकतो. संकट येते तेव्हा शाळा उघडी पडते ती दुसऱ्या-तिसऱ्यावरून. आज ही कसोटी अधिक अवघड झाली आहे. २०२१ पासून तिथल्या विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात लगेच खेळण्याचीही. मिळकत त्यांच्या घामाची आहे, ती त्यांना मिळावी. यात मला वावगे दिसत नाही. पण दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक आता रांगेत क्वचितच थांबतो. शिवाय २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर बहुतेक मोठ्या संघांवर १०५ खेळाडूंची मर्यादा आली. नेब्रास्काचा संघ पूर्वी याहून बराच मोठा असे. खेड्यापाड्यांतून हौसेने येणाऱ्या टर्मनसारख्या मुलांची जागा त्यामुळे आक्रसली. म्हणून तर त्या मुलांकडे पाहणारा कोच आता जास्तच हवा.

आणि तिसरी गोष्ट आपली, पारावरच्यांची. धीर. धीर म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. फ्रॉस्टना चार वर्षांहून अधिक काळ मिळाला. तेच तेच सामने त्याच त्याच रीतीने जाऊ लागले, तेव्हा त्यांना काढणे चूक नव्हते. ऑस्बर्न ओक्लाहोमाशी पाच वर्षे हरले, पण बाकीचे पाहणाऱ्याला संघ घडतो आहे हे दिसत होते. दोन्ही ठिकाणी पराभवच. पण एकीकडे मुले शिकत होती, दुसरीकडे शिकत नव्हती. हा फरक गुणफलकावर दिसत नाही. त्यासाठी सरावाच्या वेळी जाऊन उभे राहावे लागते. आपल्यापैकी किती पालक परीक्षेच्या निकालाखेरीज एरवी शाळेची पायरी चढतात?

२०२४ च्या वसंतात घरमालकांचे पत्र आले. नेब्रास्का विद्यापीठाने फ्रँक सॉलिच यांना एप्रिलमध्ये सन्मानाने परत बोलावले होते. मधल्या काळात त्यांनी ओहायो विद्यापीठात सोळा हंगाम शिकवून तिथल्या मुलांचे कल्याण केले होते. म्हातारबुवांनी लिहिले होते, "मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. वीस वर्षे उशीर झाला, पण वाजवल्या. माझ्या शेजारची खुर्ची नातवाला दिली आहे. त्याला सांगितले आहे, ओरडायचे असेल तर आधी तिसऱ्या मुलाचे नाव सांगता आले पाहिजे."

श्रोतेहो, तुमच्या गावातही कधी तालमीला वस्ताद, शाळेला मुख्याध्यापक, भजनी मंडळाला बुवा नेमायची वेळ येईल. उमेदवार समोर बसेल, त्याच्या हातात प्रशस्तिपत्रांची चळत असेल. ती बाजूला ठेवा आणि त्याला एवढेच विचारा, "तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या मुलाचं नाव काय, आणि तो आज काय करतो?"

उत्तर द्यायला तो फार वेळ घेत नसेल, तर माणूस तुम्हाला मिळाला असे समजा.